नाताळची भेट : सुई, दोरा आणि मेकॅनिकलची पोरं

मित्रांनो, शीर्षक वाचून पान उलटू नका. 'भरतकाम' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आजी, मावशी किंवा शाळेतला कार्यानुभवाचा तास येतो. माझंही तसंच होतं. आता मात्र होस्टेलवर सबमिशनच्या रात्री मी ड्रॉइंग शीट बाजूला सारून सुईत दोरा ओवतो, आणि याला कारण एक रुमाल!

माझा रूममेट वसईचा. वसई १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे वर्षांच्या खुणा तिथे अजून आहेत. आपण सहज वापरतो तो 'नाताळ' हा शब्दही पोर्तुगीजच. दोन वर्षांपूर्वी नाताळला मी त्याच्या घरी गेलो होतो. अंगणात कंदील, दारात नाताळगोठा, ताटात करंज्या आणि कलकल. निघताना त्याच्या आजीने माझ्या हातात एक पांढरा रुमाल ठेवला. कोपऱ्यात लाल चांदणी आणि तिच्याखाली माझ्या नावाचं पहिलं अक्षर.

मी काय केलं? पुढच्याच आठवड्यात वर्कशॉपमध्ये लेथचं तेल त्या रुमालाला पुसलं. रूममेट काही बोलला नाही. बऱ्याच दिवसांनी सहज म्हणाला, "आजीला एका रुमालाला चार संध्याकाळी लागतात. आता हात थरथरतात तिचे, यंदा कुणालाच रुमाल नाही." तेव्हा जी शरम वाटली, ती कुठल्याच व्हायवात वाटली नव्हती. त्याच दिवशी ठरवलं, की या नाताळला आजीला रुमाल आपण द्यायचा. आणि तोही हाताने भरलेला.

तुम्ही म्हणाल, जमणार कसं? जमतं. कारण फुलीचा टाका हा शुद्ध इंजिनीअरिंगचा विषय आहे.

आधी कागद, मग कापड

फुलीच्या टाक्यासाठी आयडा नावाचं कापड मिळतं. त्याची वीणच चौकटींची असते. १४ नंबरच्या कापडात एका इंचात १४ चौकटी. म्हणजे आपला आलेख कागदच! कागदावरची एक चौकट म्हणजे कापडावरची एक फुली. मी ४२ × ४२ चौकटींत चांदणी आणि अक्षर बसवलं. ४२ भागिले १४, म्हणजे ३ इंच. चारी बाजूंना दोन-दोन इंच सोडायचे, म्हणून कापड ७ इंच चौरस. कापडाला आधी चार घड्या घालून मध्य काढायचा आणि तिथूनच भरायला लागायचं. कोपऱ्यातून सुरुवात केली आणि मोजणी चुकली, तर चांदणी कापडाबाहेर जाते. (माझी पहिली गेली होती.)

दोरा किती लागेल? १४ नंबरच्या कापडाची चौकट साधारण १.८ मिलिमीटरची. वरचे दोन तिरके टाके आणि मागचे दोन उभे मिळून एका फुलीला जवळपास ९ मिलिमीटर दोरा. माझ्या नक्षीत ६०० फुल्या, म्हणजे साडेपाच मीटरच्या आत. भरतकामाच्या दोऱ्याला सहा पदर असतात, त्यातले दोनच वापरायचे. म्हणजे ८ मीटरच्या एका लडीतून २४ मीटर काम निघतं. गाठी आणि तुकडे धरूनही एक लड पुरून उरते.

टाका आणि त्यामागचं कारण

१. दोरा एक हातच घ्या, म्हणजे साधारण १८ इंच. लांब घेतला तर तो प्रत्येक छिद्रातून पुन्हा पुन्हा घासतो, पिंजतो आणि गुंततो. पदर सोडवताना एकेक ओढा. दोन्ही एकदम ओढलेत तर सगळ्याचा गुंता.

२. गाठ मारायची नाही. इंचभर शेपूट मागे सोडून पहिल्या चार-पाच टाक्यांखाली दाबायचं. गाठ असली की इस्त्री केल्यावर पुढून फुगवटा दिसतो.

३. आधी पूर्ण ओळीत एका दिशेचे तिरके टाके घ्या, मग परत येताना त्यावर दुसऱ्या दिशेचे. वरचा टाका प्रत्येक फुलीत एकाच दिशेला हवा. कारण उजेडाचं आहे. दोऱ्याला चमक असते आणि ती दिशेप्रमाणे बदलते. सहाशे फुल्यांत एक उलटी पडली, तरी तीच आधी डोळ्यांत भरते.

४. शिवता शिवता दोऱ्याला पीळ पडतो. अधूनमधून कापड उलटं धरून सुई लोंबकळत सोडा. ती गिरक्या घेत पीळ स्वतःच उलगडते. फुकटचं मनोरंजन!

५. लाल दोरा आधी ओला करून पांढऱ्या चिंधीवर दाबून बघा. रंग सुटत असेल तर तो दोरा पांढऱ्या कापडाला लावू नका. इस्त्री उलट बाजूने आणि खाली टॉवेल घालून करा, म्हणजे टाके चपटे होत नाहीत.

सुई बोथट टोकाची घ्या, २४ नंबरची. छिद्रं कापडात आधीच असतात, टोचायचं काही नसतं. वेग म्हणाल तर माझ्या ताशी शंभर फुल्या. म्हणजे सहा रात्री, रोज एक तास. सेमिस्टरच्या तोंडावरही एवढं निघतं, आपण कॅन्टीनमध्ये याहून जास्त घालवतो.

इतकाही धीर नसेल तर

फेल्टचं कापड आणा. ते विणलेलं नसतं, तंतू एकमेकांत दाबून केलेलं असतं. त्यामुळे कडा उसवत नाहीत आणि दुमडही लागत नाही. दोन सारख्या चांदण्या कापा, कडेने काजाचा टाका घाला, शेवटची फट बुजवण्याआधी थोडा कापूस भरा, वर एक फास लावा. झाडावर लटकवायची भेट एका संध्याकाळी तयार.

थोडी हिंमत वाढली की नाताळचा मोजा शिवा. चौथ्या शतकात मायरा इथे (आजच्या तुर्कस्तानात) संत निकोलस हे बिशप होते. तीन गरीब मुलींच्या लग्नासाठी त्यांनी रात्री गुपचूप सोनं टाकलं आणि ते वाळत घातलेल्या मोज्यात पडलं, अशी आख्यायिका आहे. मोज्याचा आकार कागदावर काढून कापड अर्धा इंच मोठं कापा. दोन्ही तुकडे सुलट बाजू आत ठेवून शिवा. उलटवण्याआधी वळणांवर शिवणीबाहेरच्या कापडाला छोटे काप द्या, नाहीतर तिथे चुण्या पडतात. पत्र्याच्या कामात वाकवण्याआधी खाचा देतो ना, तसंच.

असो. आजीच्या रुमालाचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. २५ तारखेला तो तिच्या हातात दिला. तिने चांदणीकडे नीट पाहिलंसुद्धा नाही, आधी रुमाल उलटा केला! मागचा गुंता बोटाने चाचपत म्हणाली, "इथे दोरा लांब घेतला होतास, हो ना?" मी मान डोलावली. मग तिने तो सुलट केला आणि करंज्यांच्या ताटावर झाकला. शेजारच्या घरी जाणाऱ्या ताटावर! दिवसभर तो रुमाल गल्लीतून फिरत होता, आणि आजी प्रत्येकाला सांगत होती, "पोराने भरलाय."

तेल लागलेला तो जुना रुमाल मी धुऊन ठेवलाय. डाग काही गेला नाही.

तर मित्रांनो, नाताळला कुणाच्या घरचा केक खाल्ला असेल, तर यंदा दुकानातली फोटो फ्रेम नेऊ नका. एक लड, एक सुई आणि सहा तास काढा. आणि सुईत दोरा ओवता आला नाही, तर आमच्या खोलीवर या. रात्री अकरानंतर आम्ही भरायलाच बसलेलो असतो.