गाण्यांचा परकायाप्रवेश

आद्य शंकराचार्यांची ती आख्यायिका आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली असते. मंडनमिश्रांच्या विदुषी पत्नीने वादाच्या ओघात गृहस्थाश्रमाविषयी असे काही प्रश्न विचारले, की ब्रह्मचारी आचार्यांना त्यांची उत्तरे देता येईनात. तेव्हा त्यांनी मुदत मागून घेतली आणि अमरुक नावाच्या एका मृत राजाच्या देहात प्रवेश केला. या चमत्काराने आपण इतके भारून जातो, की कथेतली एक अगदी व्यवहारी गोष्ट नजरेतून निसटते. आचार्य राजवाड्यात होते तेव्हा त्यांचा मूळ देह एका गुहेत ठेवलेला होता आणि शिष्य डोळ्यांत तेल घालून त्याची राखण करीत होते.

नव्या देहात शिरणाऱ्याने आधी जुन्या देहाची व्यवस्था लावावी, हा त्या कथेतला धडा. योगसिद्धीची गरज आपल्यासारख्या संसारी माणसांना सहसा पडत नाही; पण घरात गाण्यांची यांत्रिक पेटी असेल, तर हा प्रसंग आज ना उद्या आपल्यावरही येणार आहे.

यंत्राच्या पोटात

पेटी म्हणजे हार्मोनियम नव्हे. घरातल्या साऱ्या सीडी एकेक करून वाचायच्या, त्यांतली गाणी आपल्या पोटात साठवायची आणि मागाल ते गाणे बसल्या जागी ऐकवायचे, एवढ्याच एका कामासाठी बनवलेली यंत्रे असतात. २०१३ साली सोनी कंपनीने काढलेल्या, गाणी साठवून ऐकवणाऱ्या एका यंत्रात एक टेराबाइटची हार्ड डिस्क होती. कलावंतांच्या हातची वाद्येही या बाबतीत मागे नाहीत. रोलंड कंपनीने १९९६ मध्ये हार्ड डिस्कवर ध्वनिमुद्रण करणारे एक छोटेखानी यंत्र आणले आणि ज्याला स्टुडिओचे भाडे परवडत नव्हते, त्याला घरच्या टेबलावर ध्वनिमुद्रण करता येऊ लागले. कोर्ग या जपानी कंपनीच्या २००५ सालच्या 'ओएसिस' या कीबोर्डाच्या पोटात तर चक्क लिनक्सवर चालणारा संगणक आणि चाळीस गिगाबाइटची हार्ड डिस्क होती.

या डिस्कचे ग्रामोफोनशी जवळचे नाते आहे. हिच्यातही तबकडी फिरते आणि तिच्यावर एक बारीकसा हात इकडून तिकडे सरकत असतो. फरक आहे तो वेगाचा. आजोबांच्या ग्रामोफोनची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई. ही सामान्यतः ५४०० किंवा ७२०० घेते, म्हणजे सेकंदाला नव्वद किंवा एकशे वीस! शिवाय ग्रामोफोनची सुई तबकडीला घासून चाले. इथे हाताच्या टोकावरचे शीर्ष तबकडीला स्पर्श न करता हवेच्या एका पातळ थरावर तरंगत असते. तो थर केसाच्या जाडीहून हजारो पटींनी पातळ असतो. चालत्या यंत्राला जोराचा धक्का बसला किंवा वर्षानुवर्षे फिरून भाग झिजले, की शीर्ष तबकडीवर टेकते आणि तिथले गाणे खरवडून निघते. म्हणून पेटीतून 'टक् टक्' असा नियमित आवाज येऊ लागला, तर तो तबल्याचा ठेका समजू नये. तो निरोपाचा इशारा असतो.

सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजेच एसएसडी, ही या कुळातली नसते. तिच्यात फिरणारे, सरकणारे असे काहीच नाही. तोशिबा कंपनीतले शास्त्रज्ञ फुजिओ मासुओका यांनी १९८० नंतरच्या दशकात फ्लॅश स्मृतीचा शोध लावला. तिच्या 'नँड' या प्रकाराच्या चिपांवर आजच्या बहुतेक एसएसडी बनतात. या चिपांतल्या सूक्ष्म कप्प्यांत विजेचा भार कोंडून ठेवलेला असतो आणि त्या भारावरून शून्य की एक ते ठरते. ती आवाज करीत नाही, कमी तापते आणि मागितलेली गोष्ट क्षणात काढून देते. कोर्ग कंपनीनेच २०११ मध्ये आपल्या 'क्रोनॉस' वाद्यात एसएसडी बसवली. निर्मात्यांनी जो मार्ग धरला, तोच जुन्या पेटीच्या मालकाने धरला तर नवल नाही.

नक्कल आणि प्रतिरूप

पण इथेच गाडी अडते. साधारण माणसाला वाटते, की जुन्या डिस्कवरची गाणी नव्या डिस्कवर उतरवली, म्हणजे झाले. कपाटातले कपडे ट्रंकेत भरावेत, तसे! परंतु पुष्कळ यंत्रांच्या डिस्कवर नुसती गाणी नसतात. यंत्र सुरू करणारी प्रणाली, कोणते गाणे कोठे आहे हे सांगणारी सूची, कधी कधी परवान्याची खूणही तिथेच असते. या गोष्टी डिस्कच्या अशा भागांत राहतात, की ते साध्या संगणकाला दिसतही नाहीत. गाणी तेवढी उचलली, तर नव्या डिस्कवर गाणी असतील. पण यंत्र जागे होणार नाही.

म्हणून हवे असते ते प्रतिरूप, म्हणजे क्लोन. पहिल्या खणापासून शेवटच्या खणापर्यंत, दिसणारे आणि न दिसणारे, एकूण एक शून्य आणि एकूण एक एक जसेच्या तसे उचलून नव्या जागी त्याच क्रमाने मांडायचे. आपण कॅसेटवरून कॅसेट करीत असू, तेव्हा प्रत्येक नकलेत खरखर वाढत जाई आणि तिसऱ्या-चौथ्या नकलेत गायिका जणू पावसात उभी राहून गात आहे असे वाटे. अंकांच्या प्रतिरूपाला ही वाटेतली घट लागत नाही. मूळ नीट वाचले गेले, तर शंभरावे प्रतिरूपही पहिल्यासारखेच.

अर्थात सर्वच यंत्रांना हे लागत नाही. ॲपलच्या २००१ सालच्या पहिल्या आयपॉडमध्ये पाच गिगाबाइटची इवलीशी हार्ड डिस्क होती. त्या घराण्याच्या जुन्या यंत्रांत आज हौशी लोक फ्लॅश कार्डे बसवतात. तिथे प्रणाली संगणकावरून नव्याने घालता येते. तेव्हा आपले यंत्र कोणत्या जातीचे, हे पेचकस हाती घेण्यापूर्वीच माहितीपुस्तिकेत पाहावे.

एका पेटीची गोष्ट

आमच्या इमारतीतले नाना बँकेतून निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी अशी एक पेटी घेतली. सहाशेच्या आसपास सीडी त्यांनी तिच्यात भरल्या. पण तिच्यातला अमोल ठेवा म्हणजे त्यांच्या आईच्या ओव्या. कोण्या सुट्टीत कॅसेटवर घेतलेल्या, तासाभराच्या. मूळ कॅसेटला पुढे बुरशी लागली आणि ती टाकून द्यावी लागली. म्हणजे आईचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता: त्या फिरत्या तबकडीवर.

गेल्या वर्षी पेटी सुरू व्हायला वेळ घेऊ लागली आणि मग ते 'टक् टक्' सुरू झाले. दुरुस्तीच्या दुकानात उत्तर मिळाले, "नवी डिस्क टाकून देतो, आतले मात्र सगळे जाईल." नाना पेटी काखोटीला मारून तसेच घरी आले.

त्यांची भाची संगणकाच्या क्षेत्रात आहे. ती रविवारी आली आणि दारातूनच म्हणाली, "नानामामा, पेटी आता पुन्हा चालू करून बघू नका हं. आजारी माणसाला जिने चढायला लावू नये." तिने डिस्क बाहेर काढून संगणकाला जोडली आणि 'डीडीरेस्क्यू' नावाचा एक विनामूल्य प्रोग्राम लावला. त्याची रीत शहाण्या परीक्षार्थीसारखी. सोपे प्रश्न आधी सोडवायचे, अवघडांवर खूण करून पुढे जायचे आणि वेळ उरला की त्यांच्याकडे परत यायचे. म्हणजे मरणपंथाला लागलेल्या डिस्कचे उरलेले बळ एकाच खराब जागेवर डोके आपटण्यात खर्च होत नाही.

काम रात्रभर चालले. नाना आणि मामी आळीपाळीने पडद्यावरचे आकडे बघत बसले होते. सकाळी काही थोड्या जागा वाचता आल्या नाहीत असे निघाले. एका सीडीतली दोन गाणी अडखळू लागली. ती सीडी माळ्यावर होती, तेव्हा ती पुन्हा भरता आली. ओव्या मात्र शाबूत होत्या. नवी एसएसडी पेटीत बसवून भाचीने त्या लावल्या, तेव्हा नाना खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभे राहिले. मामींनी चहा दोनदा गरम केला.

सावधपणाच्या चार गोष्टी

डिस्क अजून धडधाकट असेल, तर इतका जागर लागत नाही. 'क्लोनझिला'सारखा विनामूल्य प्रोग्राम चालतो किंवा दोन खाचांची एक बैठक मिळते, तिच्यावर बटण दाबून संगणकाशिवायही प्रतिरूप होते. पाचशे गिगाबाइटला चांगल्या जोडणीवर साधारण दीड-दोन तास लागतात. पण काही खाचखळगे आहेत.

पहिला मापाचा. नवी डिस्क जुनीएवढी किंवा तिच्याहून मोठी हवी. बाजारात ४८० गिगाबाइटच्या एसएसडी मिळतात आणि मूळ डिस्क ५०० ची असते. वीसच तर कमी, असे म्हणून घेतली की प्रतिरूप शेवटाशी अडते. दुसरा जोडणीचा. जुन्या वाद्यांत रुंद पट्टीची आयडीई जोडणी असते आणि आजच्या बहुतेक एसएसडी साटा जोडणीच्या असतात. मध्ये जुळवणारा तुकडा लागतो. शिवाय फार जुनी यंत्रे १३७ गिगाबाइटच्या पलीकडचे ओळखतच नाहीत, तेव्हा तिथे मोठी डिस्क घेण्यात अर्थ नाही.

तिसरा खळगा साधा दिसतो म्हणून अधिक घातक. पेटीची डिस्क विंडोजच्या संगणकाला जोडली, की तिची मांडणी न ओळखल्यामुळे तो पुष्कळदा विचारतो, "ही डिस्क फॉरमॅट करू का?" प्रश्न नम्र असतो, पण होकार दिला की घर धुवून निघते. 'नको' म्हणावे. आणि चौथा दिशेचा. मूळ कोणती आणि नवी कोणती, हे चिठ्ठ्या चिकटवून दोनदा पाहावे. दिशा चुकली, तर कोऱ्या डिस्कचा कोरेपणा तितक्याच इमानाने गाण्यांवर उतरतो. प्रतिरूपाला भक्ती असते, विवेक नसतो.

पेटी उघडण्यापूर्वी विजेची पिन काढून ठेवावी आणि तिच्या वीजपुरवठ्याच्या भागाला हात लावू नये, हे गृहिणींना सांगावे लागत नाही. उत्साही पुरुषांना सांगावे लागते.

आवाज सुधारतो का?

हा प्रश्न हमखास निघतो. सीडीच्या आवाजाला मिनिटाला जेमतेम साडेदहा मेगाबाइट पुरतात. जुनी हार्ड डिस्कही तेवढे एका सेकंदाच्या लहानशा अंशात देते. अंक तेच, म्हणून सूरही तेच. तबकडीची घरघर मात्र जाते, त्यामुळे रात्री तानपुरा लावला तर दोन झंकारांमधली शांतता ऐकू येते. यंत्र लवकर जागे होते. एवढा लाभ खरा. याहून अधिक कोणी सांगू लागला, तर हसून चहा पाजावा.

आणि एसएसडी अमर आहे, असेही समजू नये. तिच्या कप्प्यांवर लिहिण्या-पुसण्याला मर्यादा असते. गाणी ऐकण्यात वाचन जास्त आणि लेखन थोडे, म्हणून पेटीत ती पुष्कळ टिकते. पण वीज न देता वर्षानुवर्षे ट्रंकेत ठेवली, तर कोंडलेला भार हळूहळू झिरपून जातो आणि उन्हाळ्याच्या उष्णतेत तो अधिक झिरपतो. शिवाय हार्ड डिस्क जाण्यापूर्वी कुरकुर तरी करते. ही कधी कधी एक शब्द न बोलता जाते.

म्हणून आचार्यांच्या शिष्यांची आठवण ठेवावी. नवी डिस्क बसली, गाणी वाजली, म्हणून जुनी पुसून दुसऱ्या कामाला लावू नये. तिच्यावर तारीख लिहून ती कोरड्या जागी ठेवावी. तीवर थकलेली असेल, तर एक ताजे प्रतिरूप करून ते दुसऱ्या घरी, लेकीकडे किंवा भावाकडे ठेवावे आणि वर्षातून एकदा ते चालते का पाहावे. दिवाळीत आपण माळे झाडतो, तांब्या-पितळेची भांडी घासतो, तेव्हा हे एक काम त्यांत सहज बसते. बाजारात मिळणारी गाणी पुन्हा विकत घेता येतील. पण घरातल्या माणसांचा आवाज कोणत्याच दुकानात मिळत नाही. त्याला एकच देह असू नये, एवढे आपल्या हाती आहे.