अबोला टिकायला जागा लागते

१९८८ साली आमच्या घरात माणसं सहा होती आणि टीव्ही एक. पिपलानीत भेलचं क्वार्टर, दोन खोल्या. दादा, म्हणजे माझे वडील, १९५६ साली राजधानी भोपाळला आली तेव्हा कचेरीबरोबर नागपूरहून आलेले. मी आनंद नगरात प्लॉट घ्यायचं काढलं आणि त्यांचं बिनसलं. ‘रायसेन रोडला शेतात राहायला जायचंय का?’ एवढं विचारून त्यांनी अबोला धरला.

तो मोडला ‘वागळे की दुनिया’मुळे. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून उतरलेली, कुंदन शाह यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका दुर्गा खोटे यांच्या संस्थेची. हिंदी मालिकेत नायकाचं आडनाव वागळे, हेच आम्हा भोपाळी मराठी लोकांना केवढं अप्रूप! अंजन श्रीवास्तव वागळे झाले होते आणि भारती आचरेकर त्यांची बायको. एका रात्री ऐन वेळी पडद्यावर मुंग्या आल्या. मी गच्चीवर जाऊन अँटेना फिरवू लागलो, ‘आलं का?’ म्हणून ओरडू लागलो. ही स्वयंपाकघरात, पोरं शेजारी. शेवटी खालून दादांचाच आवाज आला, ‘अरे, अजून डावीकडे!’ महिनाभराचा अबोला तिथेच संपला. प्लॉटचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढे घर बांधलं, तेव्हा दादाच वाळूच्या ट्रकवर नजर ठेवून बसत.

वागळ्यांची भांडणं बहुतेक घराबाहेरच्या जगाशी असायची. घरातल्या घरात तीन पिढ्यांची कुरकुर आम्ही पाहिली ती २००१ पासून, अल्फा मराठीवर, ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मध्ये. दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’वर ती बेतलेली, केदार शिंदे यांनी बसवलेली. प्रभावळकर स्वतः आबा झाले. मुलगा शेखर, सून श्यामल, नातवंडं शलाका आणि शिऱ्या. तिथे कुणी रुसलं, तरी रुसून जाणार कुठे? फार तर शेजारच्या खोलीत.

२००४ साली ‘साराभाई वर्सेस साराभाई’नं एका घराची दोन केली. कफ परेडमध्ये समोरासमोर दोन फ्लॅट, एकात सासू-सासरे, दुसऱ्यात मुलगा-सून. सुनेचं मनीषा हे नाव फारच मिडल क्लास वाटतं, म्हणून सासूनं, म्हणजे मायानं, ते मोनिशा करून टाकलं. रत्ना पाठक शाह यांचा तो गोड आवाजातला विखार आणि आगीत तेल ओतणारे सतीश शाह पाहून आम्ही पोट धरून हसलो. पण दोन बिऱ्हाडं होऊनही मधली वाट चार पावलांचीच होती. माया कधीही आत शिरायची, म्हणून तर विनोद घडायचा.

२०१९ साली ‘गुल्लक’ आली. चित्रीकरण भोपाळमधलं, त्यामुळे पहिल्या भागापासूनच ती आम्हाला घरची वाटली. वीज खात्यात नोकरी करणारे मिश्राजी, गीतांजली कुलकर्णी यांची शांती आणि दोन मुलगे. थोरला अन्नू आधी स्पर्धा परीक्षांत अडकलेला, पुढे औषध कंपनीचा एमआर. कमावता मुलगा आणि बाप एकाच छपराखाली आले की आवाज कसे चढतात, हे इतकं नेमकं मी आधी पाहिलं नव्हतं. इथेही घर लहानच. रागानं उठलेला माणूस अंगणातून परत येतो, कारण जेवण आतच असतं.

आमच्या आनंद नगरातल्या घराला आता पाच खोल्या आहेत आणि माणसं दोन. मुलगा बेंगळुरूला. दिवाळीत हे घर विकण्यावरून आमचं वाजलं. तेव्हापासून फोन येतो तो आईला. अबोला आता महिनोन्‌महिने टिकतो, अँटेना तर कधीच गेली.

पण टीव्हीवरचं ॲप मुलाच्याच खात्यावर चालतं. परवा उघडलं तर ‘गुल्लक’चा तिसऱ्या सीझनचा शेवटचा भाग अर्ध्यावर थांबलेला दिसला. मिश्राजी आजारी पडतात आणि घर अन्नूच्या खांद्यावर येतं, तो. आमच्यापैकी कुणी तो लावला नव्हता.

मी सोडलेल्या जागेपासून लावला आणि संपेपर्यंत पाहिला. खालची लाल रेघ आता टोकाला गेली आहे. त्याला दिसेलच.