बाजारात तुरी

नवा संगणक बाजारात येण्यापूर्वी त्याच्या किमतीची भाकिते येतात. पुढचे मॉडेल केव्हा निघेल, त्यात मेमरी किती असेल, ते कितीला पडेल, याची कुंडली मांडणाऱ्या कुडमुड्या जोशांना हल्ली तोटा नाही. हौशी मंडळींची ती करमणूक असेल. परंतु वडोदऱ्यात रावपुऱ्याच्या एखाद्या बेताच्या मिळकतीच्या घरात ‘थोडे थांबू, स्वस्त होईल’ म्हणून खरेदी पुढे ढकलली जाते, तेव्हा त्या घरातील विद्यार्थ्याचे वर्ष मात्र थांबत नाही.

संगणक दरवर्षी स्वस्तच होतो, हा समज आता सोडून दिलेला बरा. ब्रिटनच्या ‘रास्पबेरी पाय’ने २०१२ साली ३५ डॉलरचा संगणक काढून जगाला चकित केले, २०२० मध्ये कळफलकातच अख्खा संगणक बसवून तो ७० डॉलरला दिला. पुढचे यंत्र आणखी उतरेल अशी अटकळ बांधणाऱ्यांना याच कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये उत्तर दिले. ‘पाय ५’चे चार जीबीचे मॉडेल ६० वरून ७० डॉलरवर गेले! कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अजस्र केंद्रांनी मेमरी चिपांची मागणी इतकी वाढवली, की लहान यंत्रे करणाऱ्यांच्या वाट्याला टंचाई आणि महागाई आली.

आपल्याकडे तर हे ज्योतिष खुद्द सरकारनेच सांगितले होते. २०१० मध्ये ३५ डॉलरच्या यंत्राची घोषणा झाली. ऑक्टोबर २०११ मध्ये ‘आकाश’ टॅबलेट आला तो संथ प्रोसेसर आणि बोटाने दाबून चालवावा लागणारा पडदा घेऊन; पुढच्याच वर्षी त्याची दुसरी आवृत्ती काढावी लागली. किंमत आधी ठरवायची आणि यंत्र मागाहून तिच्यात कोंबायचे, असा हा उलटा व्यवहार होता, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये बडोदे राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि १९१० पासून ग्रंथालयांचे जाळे विणले. पुस्तके स्वस्त होण्याची वाट पाहत ते बसले नाहीत. त्यांचेच नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाने आणि शहरातील ग्रंथालयांनी आपले संगणक सायंकाळी व सुटीच्या दिवशी गरजू विद्यार्थ्यांना खुले करावेत, अशी आमची मागणी आहे. जूनमध्ये नवे वर्ष सुरू होण्यापूर्वी ही व्यवस्था व्हावी.