पेटीतलं पिस्तूल आणि संशोधकाचे प्रश्न

'साधन तपासून घ्या' असं मार्गदर्शक सांगतात. पण तपासायचं म्हणजे नेमकं काय? द्वंद्वयुद्धाच्या पिस्तुलांचं उदाहरण घेऊ.

लाकडी पेटीत पिस्तुलांची जोडी, बारूददाणी, गोळ्यांचा साचा आणि टोप्यांची डबी. संग्राहकांना असा अख्खा संच हवा असतो. समजा कोणी म्हणालं, "१७८० साली कोलकात्यात वॉरन हेस्टिंग्ज आणि फिलिप फ्रान्सिस यांचं द्वंद्व झालं, त्याच काळातला संच आहे हा." मानायचं?

टोपीवर घोडा आदळून बार उडतो, त्या तंत्रामागचं फोर्साइथ यांचं पेटंट १८०७ चं. तांब्याची टोपी तर त्याहून नंतरची. म्हणजे दावा खोटा? थांबा. गारगोटीची पिस्तुलं पुढे टोपीवर बदलून घेत. तेव्हा चापाच्या पट्टीवर बुजवलेली जुनी स्क्रूची भोकं शोधा. नळीवर बर्मिंगहॅम प्रूफ हाउसचा शिक्का दिसला, तर तो १८१३ नंतरचा. झाकणातल्या लेबलवरून फक्त पेटीचा काळ कळतो. जोडी मागाहून आत ठेवलेली असू शकते.

म्हणून वहीत नळी, चाप, पेटी, लेबल यांच्या वेगळ्या नोंदी करा. प्रत्येकापुढे लिहा: लवकरात लवकर कधीचं, आणि कशावरून?

विकत घ्यायच्या भानगडीत मात्र पडू नका. दुरुस्तीनंतर चालू शकणारं जुनं पिस्तूलही शस्त्र कायद्यातून सुटत नाही. गोंदियाहून रेल्वेने नागपूर गाठा, १८६३ पासूनच्या अजब बंगल्यात जा आणि कुठल्याही एका वस्तूपुढे हेच प्रश्न विचारून बघा.