कंपवाताचा मेंदूतील माग

कंपवात म्हटला की थरथरणारा हात डोळ्यांसमोर येतो. लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या रोगाचे वर्णन केले, तेही ‘थरथरणारा पक्षाघात’ म्हणूनच. रोगाचा आरंभ मात्र या थरथरीच्या कित्येक वर्षे आधी आणि मेंदूच्या निराळ्याच भागात होत असावा, असे एका प्रथिनाच्या स्थानशोधातून दिसून आले आहे.

अल्फा-सायन्यूक्लिन हे ते प्रथिन होय. ते निरोगी मेंदूतही विपुल असते. एक मज्जापेशी दुसरीस जेथे संदेश देते, त्या टोकाशी मुख्यत्वे त्याचे वास्तव्य असते. फ्रेडरिक लेवी यांनी १९१२ साली रुग्णांच्या मज्जापेशींत सूक्ष्म गोळे असल्याचे नोंदविले होते. ते प्रामुख्याने याच प्रथिनाच्या गुठळ्यांचे असल्याचे उलगडण्यास १९९७ साल उजाडावे लागले.

मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूचे अतिशय पातळ काप घेऊन, केवळ या प्रथिनालाच चिकटणारी प्रतिपिंडे त्यांवर सोडतात. ती जेथे चिकटतात, तेथे रासायनिक क्रियेने रंग उमटवितात. गावच्या नकाशावर एकेक विहीर दाखवावी, तसेच हे चिकाटीचे काम आहे.

जर्मनीतील हायको ब्राक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अशा नकाशांवरून रोगाचे सहा टप्पे मांडले. पहिल्या खुणा आढळल्या त्या गंधज्ञानाच्या केंद्रात आणि मस्तिष्कपुच्छातील, आतड्यांच्या हालचालींशी संबंधित पेशीसमूहात. हालचालींना आवश्यक असे डोपामिन निर्माण करणारा मध्यमेंदूतील काळसर भाग तिसऱ्या टप्प्यात ग्रासला जातो. थरथर व ताठरपणा त्यानंतरचा. मेंदूच्या बाह्यावरणाची पाळी अखेरीस येते. अर्थात, मृताच्या मेंदूत एकच क्षण गोठलेला असतो. टप्प्यांचा क्रम हा अनेक मेंदूंवरून जुळविलेला आहे. काही मेंदू त्यात बसतही नाहीत.

तथापि, वास न येणे, जुनाट बद्धकोष्ठ, स्वप्नात हातपाय झाडणे या आपण ‘वय झाले’ म्हणून सोडून देतो त्या तक्रारींना या नकाशामुळे अर्थ प्राप्त झाला. त्यांची इतरही अनेक कारणे असतात, म्हणून केवळ त्यांवरून कोणासही कंपवाताचा रुग्ण ठरवू नये. पाठीच्या कण्यातील द्रवात या गुठळ्यांचा माग घेणारी चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ११२३ व्यक्तींच्या अभ्यासात उपयुक्त ठरली. हाताची थरथर अद्याप सुरू न झालेल्या, पण गंधज्ञान मंदावलेल्या किंवा झोपेत हातपाय झाडणाऱ्या बहुतेकांतही तिने गुठळ्यांची चाहूल दिली. रोगाची वाटचाल रोखणारे औषध मात्र अद्याप हाती आलेले नाही.