उस्तादांची जुगलबंदी आणि तिकीटबारी

आज जरा गाण्यातल्या कुस्तीबद्दल! तासभर आळवायचा राग सिनेमाला पाचेक मिनिटांत उरकायचा असतो, शिवाय पिटातल्या प्रेक्षकाला कोण जिंकलं हेही कळायला हवं. म्हणून पडद्यावर शास्त्रीय गाणं आलं की बहुधा सामनाच लागतो.

‘बैजू बावरा’ (१९५२) आठवा. तानसेनाला आवाज उस्ताद अमीर खाँ यांचा, बैजूला आपल्या डी. व्ही. पलुस्करांचा, संगीत नौशादचं. निकाल काय, तर गाण्याने दगड वितळतो! शुद्धतावाद्यांनी नाक मुरडलं तरी त्यामुळे राग देसी घराघरांत पोचला.

‘बसंत बहार’ची (१९५६) गंमत तर औरच. दिग्दर्शक राजा नवाथे. ‘केतकी गुलाब जूही’मध्ये समोर भीमसेन जोशी, आणि जिंकायचं मन्ना डेंनी! ते इतके धास्तावले की गाव सोडून पळायच्या बेतात होते, बायकोने समजूत घातली. ऐकताना शेवटच्या द्रुत ताना लक्ष देऊन ऐका. हरणारा कुठेच हरल्यासारखा वाटत नाही.

मराठीतला असाच सामना म्हणजे ‘कट्यार काळजात घुसली’. मूळ नाटक (१९६७) अभिषेकीबुवांच्या संगीताचं, वसंतराव देशपांड्यांनी रंगवलेल्या खाँसाहेबांचं. २०१५ च्या सिनेमात सचिन पिळगांवकरांच्या खाँसाहेबांना वसंतरावांचे नातू राहुल यांचा आवाज मिळाला. शंकर-एहसान-लॉय यांची नवी कव्वालीही आली. काहींना ती उपरी वाटते. मला मात्र तीच गर्दी खेचणारी वाटते. याच सिनेमातल्या ‘अरुणी किरणी’साठी गायक महेश काळेंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

भाईंदर लोकलमध्ये हेडफोन लावून तिन्ही ऐका. बैजूपासून सुरुवात करा.