मोटार सुरू होत नाही तेव्हा : बॅटरी बदलण्यापूर्वी करावयाच्या तपासण्या

मुंबई-गोवा राष्ट्रीय महामार्गावरील कोलाड हे रोहा तालुक्यातील गाव कोकणच्या दळणवळणाचे एक महत्त्वाचे नाके होय. कोकण रेल्वेचा मार्ग रोह्यापासून सुरू होतो आणि कोलाड हे त्यावरील आरंभीचे स्थानक आहे. भरलेल्या मालमोटारी रेल्वेच्या वाघिणींवर चढवून गोव्यातील वेर्ण्यापर्यंत नेणारी ‘रो-रो’ सेवा कोकण रेल्वेने १९९९ मध्ये येथूनच सुरू केली. ऑगस्ट २०२५ मध्ये खाजगी मोटारींसाठीही अशी सेवा कोलाडहून सुरू करण्यात आली.

वाहनांची अशी सतत वर्दळ असलेल्या या परिसरात पाऊस भरपूर पडतो आणि वर्षातील बराच काळ हवा दमट असते. अशा हवेत वाहनाच्या विद्युत् यंत्रणेची परीक्षाच होते. सकाळी किल्ली फिरवावी आणि इंजिनाने दाद देऊ नये, हा अनुभव अनेकांना येतो. एखाद्या कुटुंबाच्या दृष्टीने ही केवळ गैरसोय असेल. परंतु प्राथमिक आरोग्य केंद्राचे वाहन, शाळेची गाडी किंवा ग्रामपंचायतीची घंटागाडी ऐन वेळी अडली तर त्याचे परिणाम गंभीर होऊ शकतात. रात्री-अपरात्री रुग्णाला हलवावयाचे असताना वाया गेलेला अर्धा तास कशानेही भरून निघत नाही.

अशा वेळी बहुधा पहिला निष्कर्ष निघतो तो ‘बॅटरी गेली’ असा. नवी बॅटरी घेतली जाते, काही हजार रुपये खर्च होतात आणि आठवडाभराने वाहन पुन्हा उभे राहते. कारण मूळ दोष बॅटरीत नसतोच. तो नेमका कोठे आहे, हे थोड्या पद्धतशीर तपासणीने कळू शकते.

टाकी, पंप, नळ आणि जलवाहिनी

मोटारीची विद्युत् यंत्रणा समजण्यासाठी गावच्या नळपाणी योजनेचा दाखला उपयोगी पडेल. बॅटरी ही पाण्याची टाकी होय. इंजिन चालू असताना पट्ट्याच्या साह्याने फिरणारा आल्टरनेटर हा ती टाकी भरणारा पंप. दिवे, भोंगा, पंखा हे नळ. आणि इंजिनाला पहिली गती देणारा स्टार्टर, ज्याला बोलीत ‘सेल्फ’ म्हणतात, तो सर्वांत मोठा नळ होय. तो काही क्षणच उघडतो. परंतु तेवढ्या वेळात शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह खेचतो. डिझेल इंजिनाला तर त्याहूनही अधिक लागतो. या सर्वांना जोडणाऱ्या जाड तारा म्हणजे जलवाहिन्या.

टाकी रिकामी आढळली म्हणून कोणतीही ग्रामपंचायत लगेच नवी टाकी बांधावयास घेत नाही. पंप बंद आहे काय, एखादा नळ उघडा राहिला आहे काय, जलवाहिनी तुंबली आहे काय, हे आधी पाहिले जाते. मोटारीच्या बाबतीतही हाच क्रम ठेवावयास हवा.

आवाजावरून अनुमान

तपासणीचा आरंभ कानाने करावा. किल्ली फिरविल्यावर ‘टक्-टक्-टक्’ असा भराभर आवाज आला तर प्रवाह अपुरा पडत आहे असे समजावे. बॅटरी उतरली असावी किंवा तिचे टर्मिनल सैल असावेत. ‘खट्’ असा एकच जोरदार आवाज होऊन इंजिन फिरले नाही आणि दिवे मात्र प्रखर राहिले, तर दोष बहुधा स्टार्टरमध्ये किंवा त्याच्या सोलेनॉइडमध्ये असतो. काहीच आवाज आला नाही आणि दिवेही लागले नाहीत, तर बॅटरी पूर्ण उतरलेली किंवा जोड सुटलेला असतो. दिवे व्यवस्थित लागत असूनही सेल्फ मुकाच राहिला, तर किल्लीचा स्विच, फ्यूज किंवा रिले तपासावा. स्वयंचलित गिअरच्या वाहनात गिअरचा दांडा योग्य स्थितीत आहे ना, हेही पाहावे.

सेल्फ नेहमीच्या जोमाने फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही, हा प्रकार निराळा. तेथे बॅटरीला दोष देण्याचे कारण नाही. इंधनाचा पुरवठा किंवा ज्वलनाची व्यवस्था तपासावी लागते.

मापकाची तीन वाचने

यापुढील कामासाठी एक साधा मल्टिमीटर पुरेसा आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत किंवा गावातील वायरमनकडे तो सहज आढळतो.

पहिले वाचन वाहन काही तास बंद राहिल्यानंतर बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर घ्यावे. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा कोष्ठे असतात व प्रत्येकाचा दाब २.१ व्होल्टच्या आसपास असतो. म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. १२.२ व्होल्ट म्हणजे ती जवळजवळ निम्मी रिकामी झाली. १२ च्या खाली वाचन गेले तर ती आधी चार्ज केल्याशिवाय पुढील निष्कर्ष काढू नये.

दुसरे वाचन सेल्फ फिरत असताना घ्यावे. दाब १० व्होल्टच्या आसपास किंवा वर टिकला तर बॅटरी भार पेलत आहे. चार्ज केलेल्या बॅटरीचा दाब ९.५ च्या खाली कोसळला, तर बहुधा तीच निकामी झालेली असते; क्वचित अडकलेला स्टार्टरही जादा प्रवाह खेचतो.

तिसरे वाचन इंजिन चालू असताना घ्यावे. ते सामान्यतः १३.८ ते १४.४ व्होल्ट असते. इंजिनाची गती थोडी वाढवून व मोठे दिवे लावूनही ते १३ च्या खाली राहिले, तर पंप टाकी भरत नाही असा त्याचा अर्थ. पट्टा ढिला अथवा तुटलेला आहे काय ते पाहून मग आल्टरनेटर व त्याचे वायरिंग तपासावे. वाचन सतत १५ च्या वर गेले तर व्होल्टेज नियंत्रक बिघडलेला असतो. त्यामुळे बॅटरीतील पाणी आटते व ती लवकर खराब होते. अलीकडील काही मोटारींत हा दाब संगणकाद्वारे कमीजास्त केला जातो; तेथे निर्मात्याच्या पुस्तिकेतील आकडे प्रमाण मानावेत.

डॅशबोर्डावरील बॅटरीचे लाल चिन्हही साक्षीदार आहे. किल्ली फिरविल्यावर ते उजळावे आणि इंजिन सुरू होताच विझावे. प्रवासात ते पुन्हा उजळले तर चार्जिंग थांबले असे समजून जवळच्या गॅरेजकडे वळावे.

गंज आणि सैल जोड

दमट हवेत टर्मिनलांवर पांढरट-हिरवट थर साचतो. हा थर प्रवाहाला अडवितो, म्हणजेच जलवाहिनी तुंबते. प्रथम ऋण व मग धन टर्मिनल सोडवून, खाण्याचा सोडा मिसळलेल्या पाण्याने ती धुवावीत, कोरडी करून घट्ट बसवावीत व वरून पेट्रोलियम जेली लावावी. जोडताना धन टर्मिनल आधी जोडावे. बॅटरीपासून इंजिनाच्या व सांगाड्याच्या धातूपर्यंत जाणाऱ्या अर्थिंगच्या तारेकडे अनेकदा दुर्लक्ष होते. सेल्फ फिरत असताना बॅटरीचे ऋण टोक व इंजिनाचा धातू यांमध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आढळला, तर ती तार किंवा तिचा जोड सदोष आहे.

उघडा राहिलेला नळ

तिन्ही वाचने योग्य असूनही वाहन दोन-तीन दिवस उभे राहिले की बॅटरी उतरते, अशीही तक्रार असते. येथे कोठेतरी प्रवाह झिरपत असतो. डिकीतील ५ वॅटचा दिवा जळत राहिला तर चोवीस तासांत सुमारे १० अँपिअर-तास खर्च होतात आणि ३५ अँपिअर-तासांची बॅटरी साडेतीन दिवसांत रिकामी होते. वाहन कुलूपबंद करून तासाभराने होणारा वापर ५० मिलिअँपिअरच्या आत असावा. तो अधिक असल्यास एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्या फ्यूजबरोबर प्रवाह घटतो त्या शाखेत दोष असतो. हे मापन मात्र जाणकाराकडूनच करवून घ्यावे, कारण मीटर जोडलेला असताना सेल्फ मारल्यास तो जळतो.

काही सावधगिरी

दुसऱ्या वाहनाच्या बॅटरीची मदत घेताना दोन्ही यंत्रणा १२ व्होल्टच्या आहेत याची खात्री करावी. महामार्गावरील अनेक अवजड मालमोटारींची यंत्रणा २४ व्होल्टची असते. तिच्याशी मोटार जोडल्यास मोठे नुकसान होते. प्रथम दोन्ही धन टोके जोडावीत, नंतर मदत देणाऱ्या बॅटरीचे ऋण टोक, आणि शेवटचे टोक बंद वाहनाच्या बॅटरीस न लावता इंजिनाच्या उघड्या धातूस लावावे. बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो; म्हणून ठिणगी व धूम्रपान टाळावे. आल्टरनेटर चालतो की नाही हे पाहण्यासाठी चालू इंजिनावर बॅटरीची तार काढण्याची जुनी रीत सोडून द्यावी. तीमुळे दाब एकाएकी उसळून इलेक्ट्रॉनिक भाग जळतात.

पुरात बुडालेले वाहन सुरू करून पाहण्याचा मोह आवरावा. जुलै २०२१ मध्ये महाडला आलेल्या महापुराने पुराचे पाणी किती उंच चढू शकते हे रायगड जिल्ह्याला दाखवून दिले. अशा वाहनाच्या बॅटरीचे ऋण टर्मिनल सोडवावे आणि मेकॅनिकने तपासेपर्यंत किल्ली फिरवू नये.

गावपातळीवरील व्यवस्था

सार्वजनिक वाहनांच्या बाबतीत एक साधी नोंदवही मोठे काम करू शकेल. दरमहा एकदा वरील तीन वाचने, टर्मिनलांची स्थिती व पट्ट्याचा ताण यांची नोंद केल्यास बॅटरी ऐन वेळी दगा देण्यापूर्वीच तिचा उतार लक्षात येईल. पावसाळ्यापूर्वी विशेष तपासणी करावी. सुट्टीत उभ्या राहणाऱ्या शाळेच्या वाहनाची बॅटरी महिन्यातून एकदा चार्ज करावी. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण थर बसतात व तिची क्षमता घटते. विज्ञान शिक्षकांना ही वाचने विद्यार्थ्यांकडून घेवविता येतील. पाठ्यपुस्तकातील विद्युत्धारेचा धडा त्यातून प्रत्यक्षात उतरेल.

निकामी बॅटरीत शिसे व आम्ल असल्याने ती उकिरड्यावर टाकू नये. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी बॅटरी घेताना जुनी विक्रेत्याकडे परत देणे हा सोयीचा मार्ग होय.

आवाज, तीन वाचने, जोड आणि गळती, एवढा क्रम पाळण्यास फारसा वेळ लागत नाही. मात्र त्यामुळे अनावश्यक खर्च टळतो आणि गावाला जेव्हा वाहनाची खरी निकड असते, तेव्हा ते सुरू होण्याची शाश्वती वाढते.